लपायला जागा नसलेलं घर

अक्का,

तुम्ही गेल्यापासून मी घरात अनवाणी पाय टाकलेला नाही. चुलीपुढं चप्पल, मधल्या घरात चप्पल. देवापुढं तेवढी काढते आणि काढण्याआधी खाली बघते. तुम्ही जन्मभर ह्या घरात अनवाणी चाललात. "माझी भुई मला म्हाईत हाय," म्हणायचात. आता ती भुई माझ्याकडं, तुमच्या धाकट्या जावेकडं आलीय, आणि मला तिची भीती वाटते.

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला बोलता येत नाही. चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. चौथीतून काढून मला माहेरच्यांनी ऊसतोडीला नेलं, त्याआधी जे अक्षर हाताला लागलं त्यावर हे लिहितेय. तुमचा दत्ता आणि सून रूपाली शेतात गेलेत. परी झोपलीय. तुमच्या नातीची झोळी मी खोलीच्या बरोबर मधे बांधलीय. दोर बघितला, लुगडं उलटं करून झटकलं, मग तिला ठेवलं. तरी दर ओळीनंतर उठून बघून येतेय.

गावात सगळे म्हणायचे, थोरलीला स्वच्छतेचं येड लागलंय. आपल्या घरात चकचकीत असं काही नव्हतं. तुम्हाला चकचकीत लागतही नव्हतं. रूपाली लग्न होऊन आली तेव्हा तिनं हौसेनं फिनेलची बाटली आणली होती. तुम्ही झाकण काढून वास घेतलात आणि म्हणालात, "वास चांगला हाय गं. पर ह्यो वास मानसाला येतो. इच्चवाला काय त्याचं?" ती बिचारी माझ्याकडं बघायला लागली. मग तुम्ही तिला आत नेलंत आणि मला जे शिकवलं होतं तेच पहिल्यापासून शिकवायला घेतलंत.

केरसुणी हातात घेतली की आधी उंबऱ्यावर दोनदा आपटायची, कारण केरसुणीतच कोण बसलं असेल सांगता येत नाही. झाडताना भिंतीकडून मधे ओढायचं, मधून भिंतीकडं लोटायचं नाही. जे काही असेल ते उजेडात आलं पाहिजे. बाज भिंतीपासून हातभर लांब. धान्याची गोणी भुईवर नाही, विटांवर फळी टाकून त्यावर. घागरीखालची चुंबळ रोज उचलून झटकायची. गोवऱ्या आणि सरपण घराच्या भिंतीला टेकवून कधी रचायचं नाही, भले पावसात चार पावलं जास्त चालावं लागो. भिंतीला भेग दिसली की त्याच दिवशी चिखलात राख कालवून बुजवायची. उद्या म्हटलं की झालं. आणि काहीही उचलायचं असेल तर आधी काठी, मग हात. रूपालीनं विचारलं, "आत्या, एवढं सगळं रोज?" तुम्ही म्हणालात, "घर सवच्छ कवा म्हनायचं? ज्यात लपायला जागा न्हाई, तवा."

तिला ते गमतीचं वाटलं. तिला सखूची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मी सांगितली, नंतर, हळूच. तुम्ही कधीच सांगितली नाहीत.

मी तेव्हा नवीन लग्न होऊन आले होते आणि पहिल्यांदाच तुमच्याबरोबर कारखान्यावर तोडीला आले होते. आपल्या दोन कोप्या शेजारी होत्या, उसाच्या पाचटाच्याच भिंती आणि आत पाचटाचंच अंथरूण. तुमची सखू तीन वर्षांची. आपण पहाटे फडात जायचो तेव्हा तिला तसंच पाचटावर झोपलेलं ठेवायचो. त्या दिवशी ती उठून रडत फडापर्यंत आली, एका हातानं दुसरा हात धरून. तुम्हाला वाटलं पाचट टोचलं, पण विंचू होता. दवाखाना लांब होता, बैलगाडी उसानं भरलेली होती; सखू राहिली नाही. मला त्या वेळचा तुमचा आवाज आठवत नाही अक्का, कारण तुम्ही आवाजच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोपीतलं सगळं पाचट ओढून बाहेर काढलंत आणि आतली जमीन माती लागेपर्यंत झाडलीत. मग माझ्या कोपीत शिरलात. मग शेजारच्यांच्या. मुकादम हसत म्हणाला, "अक्का, कोपीला पालिश करता का काय?" तुम्ही त्याच्याकडं बघितलं. नंतर तो कधी हसला नाही.

त्यानंतर तुम्ही विंचू दिसला की सोडला नाहीत. राग नाही, शिव्या नाहीत. चपलेची टाच, एकच फटका, आणि मग सांडशीनं उचलून चुलीत. "मेला आसं वाटतं, पर आसत न्हाई," म्हणायचात. किती मारले असतील तुम्ही. मी मात्र दर वेळी मागं सरायचे आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, "धाकले, मागं सरू नगस. त्यो पुढं येत न्हाई, तूच मागं सरत सरत दुसऱ्यावर पाय देशील."

आपलं एक भांडण राहून गेलं. फरशीचं. दत्ताला मधल्या घरात फरशी घालायची होती आणि मला ती नक्षीची हवी होती, लाल-काळ्या ठिपक्यांची, आष्टीच्या दुकानात बघितलेली. आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट तोंड उघडून मागितली असेल. तुम्ही म्हणालात, "ठिपक्याच्या फरशीवर इच्चू दिसत न्हाई. नकशी बघायची का इच्चू?" मी म्हटलं, पांढरी घालू मग. तर म्हणालात, सारवलेल्या भुईत भेग दिसते, फरशीच्या खाली दिसत नाही. मी रुसले. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तसंही मी बोलत नाहीच, म्हणून तुमच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. फरशी झाली नाही. मधलं घर सारवलेलंच राहिलं. तिथंच तुम्ही गेलात.

आता जे सांगायचंय ते सांगते.

तुम्हाला नेल्यावर ती जागा मीच सारवली. माजलगावच्या वन्सं आल्या होत्या, त्या म्हणाल्या, पीठ ठेवा. मी ज्वारीचं पीठ चाळलं, तुमचं डोकं होतं त्या जागी पातळ पसरलं आणि हातानं सारखं केलं. वर बांबूचं डालं पालथं घातलं. शेजारी दिवा. जीव कोणत्या जन्माला गेला ते सकाळी पिठात उमटतं, हे आपण दोघींनी सासूबाईंच्या वेळी बघितलं होतं. तेव्हा काहीच उमटलं नव्हतं आणि तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, "म्हातारी आजून हितंच हाय बघ, चुलीपाशी." सुतकात मला हसू आवरेना, तुम्ही मला पदराखाली चिमटा काढलात.

सकाळी भाऊजींनी, तुमच्या धन्यांनी, डालं उचललं. मी दाराच्या आडून बघत होते. पिठात पावलं होती.

वन्सं वाकल्या आणि लगेच म्हणाल्या, "चिमनी! ही बघा की बारीक बारीक पावलं. चिमनी झाली माझी वैनी. सुटली!" बायका रडायला लागल्या. भाऊजी गुडघ्यावर बसले. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. "चिमनी झाली व्हय," म्हणाले. "बरं झालं. लई वझं व्हाईलं तिनं. आता उडंल." आणि उठून अंगणात गेले आणि मूठभर ज्वारी टाकून आले. दुसऱ्या दिवशीही टाकली.

अक्का, ती चिमणी नव्हती.

पावसाळाभर संध्याकाळी चुलीची राख फडक्यातून गाळून भिंतीच्या कडेनं पसरायला मला तुम्हीच लावलंत. सकाळी वाकून कोण येऊन गेलं ते वाचायला तुम्हीच शिकवलंत. ही पाल, शेपूट ओढत गेली. हा उंदीर. चिमणी दोन्ही पायांनी उडी मारते, तिची पावलं जोडीनं उमटतात. आणि दोन्हीकडं बारीक टिंबांची रांग, टाके घातल्यासारखी, ती कुणाची, हे मला झोपेतसुद्धा कळेल. पिठात टाके घातले होते. एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर, भिंतीकडं. भिंतीजवळ तेव्हा परीची झोळी होती.

पहिली भीती परीची. ती नुकती रांगायला लागलीय, दिसेल ते तोंडात घालते. दुसरी भीती लगेच तिच्या मागून आली, आणि ती मला लिहायलाही नको वाटतेय. पीठ जर खरं सांगत असेल, तर तुम्ही काय झालात? सखूच्या आईनं हाच जन्म का घ्यावा? देवाला दुसरं काही सुचलं नाही का? मी स्वतःला म्हणायचे, पीठ ते पीठ, रात्री कोणी आलं, फिरून गेलं, त्यात काय. पण पुढच्याच घडीला वाटायचं, सासूबाईंच्या पिठात मग कोणी का फिरलं नाही?

बोलायचं कुणाला? बोलले असते तर भाऊजींची चिमणी गेली असती. सगळ्या गावात झालं असतं, थोरली इच्चू झाली. ज्या बाईनं गावातल्या निम्म्या घरांच्या भेगा बुजवून दिल्या, तिचं नाव असं निघालं असतं. मी गप्प बसले आणि एकटीच शोधायला लागले. झोळी सरकवली. रूपालीला म्हटलं, वाऱ्याला बरी. भिंतीची कड काठीनं चाचपली. गोणीच्या फळीखाली बॅटरी मारली. चुंबळ, केरसुणी, जातं. दिवसातून कितीदा तरी. झाडलेलं पुन्हा झाडायचे. तुमच्याबरोबर झाडताना मला कधी असं झालं नव्हतं. तुम्ही असताना मी फक्त विंचवाला भ्यायचे. आता दिसेल म्हणूनही भीत होते आणि दिसणार नाही म्हणूनही.

त्यात घर पाहुण्यांनी भरलेलं. तुम्ही नुसतं बघितलं असतंत तरी तुम्हाला घाम फुटला असता. दाराशी चपलांचा ढीग. दांडीवर कपड्यांवर कपडे. आणि रात्रीच्या वाकळांची सकाळी कोणी घडी करेना, सगळ्या गोळा करून मधल्या घराच्या कोपऱ्यात फेकलेल्या. मी घडी करायला गेले तर वन्सं म्हणाल्या, "दहावं होईस्तवर घर उलटंपालटं करू नये गं. वैनीचा जीव घुटमळतोय आजून. बस जरा." मी बसले. बसायला मला चांगलं येतं.

सावडून माणसं परत आली त्या दुपारी सगळे मधल्या घरात बसले होते. चूल पेटलेली नव्हती, शेजारून भाकरी आल्या होत्या. परी रांगत रांगत त्या वाकळांकडं गेली. सगळे कौतुकानं बघत होते. तिनं खालच्या वाकळेचं टोक धरलं आणि ओढलं.

"लेकरू उचला!"

आवाज कुणाचा आला ते मला कळलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते म्हणून कळलं. रूपालीनं परीला उचललं. भाऊजी समोर बसलेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, की एक शब्द मोठ्यानं बोलले नाही. ते म्हणाले, "काय झालं?"

मी उभी होते. वाटलं, काही नाही म्हणावं आणि आत जावं. परीच्या हातात वाकळेचा एक धागा होता, ती तो तोंडात घालत होती.

"पिठात चिमनी नव्हती, भाऊजी," मी म्हटलं. "इच्चू होता. भिंतीकडं गेलता. आजून घरात हाय."

मग वन्सं बोलल्या. "इतकी वरसं तोंडात पानी धरल्यावानी बसली, आन् बोलली तर हे? आगं, वैनीनं तुला लेकीवानी वागवलं. चार बुकं शिकली म्हनून आता पीठ बी वाचाया लागली का?"

मी खाली बघत होते. भाऊजींचा चेहरा मला बघवला नसता. मग ते उठले. "ती तिच्या हाताखाली राहिली," वन्संना म्हणाले. "तिला दिसलं आसंल. काढा समदं भाईर."

दत्तानं वाकळा एकेक करून काठीनं ओढल्या. सगळ्यात खालची ओढली आणि तो तिथं होता. तांबूस, बोटाएवढा. आपल्या सारवलेल्या भुईवर स्पष्ट दिसत होता. दत्तानं काठी उचलली. आणि वन्संनी त्याचा हात धरला. "मारू नगंस! आरं तुझी आय हाय ती! ही म्हनती ना, हीच म्हनती!" आणि त्यांनी हात जोडले. दत्ताची काठी वरच राहिली. त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. भाऊजींनी भिंतीचा आधार घेतला. रूपाली परीला छातीशी धरून दारात, आणि परी हसत होती.

मघाशी मी पिठाचं बोलले नसते तर दत्तानं तो बिनघोर मारला असता. माझ्याच बोलण्यानं सगळ्यांचे हात बांधले होते. तो हळू चालायला लागला. चुलीकडच्या कोपऱ्यात एक भेग होती, तुम्ही आजारी पडल्यापासून बुजवायची राहिलेली. तो तिकडंच चालला होता. आत गेला असता तर पुन्हा कधी, कुठून, कुणाच्या अंथरुणात.

मी चप्पल काढली. मागं सरले नाही, अक्का. वाकले आणि अगदी हळू म्हणाले, तुम्ही असाल तर जावा. बाहेर जावा. दार उघडं आहे.

तो थांबला.

एकच फटका मारला. टाचेनं, तुमच्यासारखा.

मग वन्सं रडायला लागल्या, आणि ते रडणं तुम्हाला नेताना होतं त्याहून मोठं होतं. चूल बंद होती, त्यामुळं चुलीत टाकता येत नव्हतं, आणि मला कळेना की आता ह्याचं करायचं काय. भाऊजी पुढं आले. त्यांनी फावड्यावर घेतला आणि कुणाला बरोबर न घेता शेताकडं गेले. पुरला, की जाळला, की नुसता टाकला, मला माहीत नाही. परत आले ते आंघोळ करून आले. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात ज्वारी टाकली नाही. चिमण्या येऊन गेल्या.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आधीही बोलत नव्हते, पण आधीचं न बोलणं रीतीचं होतं. वन्सं दहावं झाल्यावर गेल्या, जाताना मी पाया पडले तर म्हणाल्या, "सुखी राहा," आणि चेहरा दुसरीकडं केला. दत्ता म्हणतो, "काकू, बरं केलं तुमी," पण म्हणताना माझ्या हाताकडं बघतो. आमचे हे म्हणाले, "किडा होता. किड्यासारखा मेला. आता झोप." एवढं सोपं असतं तर किती बरं.

ती भेग मी त्याच दिवशी बुजवली. वाकळा उन्हात टाकल्या. आता घर तुम्ही ठेवायचात तसं आहे, लपायला कुठं जागा नाही. तरी मी दिवसभर बघते. रूपालीला सगळं नीट शिकवतेय. ती आता गंमत म्हणून ऐकत नाही. काल तिनं केरसुणी उंबऱ्यावर आपटली, दोनदा, न सांगता. मला तुमची इतकी आठवण आली की मी मागच्या दारी जाऊन बसले. तुम्ही मला भ्यायला शिकवलंत म्हणून परी आज झोळीत आहे. हे मी कुणाहीपुढं सांगेन, मला बोलता आलं तर.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ती फक्त तुम्हालाच सांगता येते. विंचवाला डिवचलं की तो नांगी उचलतो. तुम्ही मारलेला प्रत्येक विंचू मी तुमच्या मागून बघितलाय, आणि प्रत्येकानं उचलली होती. ह्यानं उचलली नाही. मी वाकले, बोलले, चप्पल वर नेली, तो तसाच होता, नांगी भुईला टेकवून. वाट बघत असल्यासारखा. दत्ताला वाटलं काठीचा मार आधी बसला असेल. काठीचा मार बसला नव्हता, मी बघत होते.

तुम्ही असाल, नसाल, मला कळायला मार्ग नाही. रात्रंदिवस मला त्याचीच भीती वाटते असं सगळ्यांना वाटतं, आणि मीही परवापर्यंत तसंच समजत होते. काल झाडता झाडता मला खरी भीती कशाची ते कळलं आणि माझ्या हातातली केरसुणी गळून पडली. पुन्हा ह्या भुईवर परीच्या जवळपास तसा कोणी दिसला, तर मी पुन्हा मारीन. तुम्हीच आहात असं मला पक्कं कळलं तरी. आणि त्या वेळी जावा म्हणून सांगायलाही थांबणार नाही.